दिवसाला दिवस

तळेगावात दामले सरांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत भात लावलेलं आहे. पाण्याची जुनी काळी टाकी आडवी कापून तिच्या अर्ध्या भागात चिखल भरला आहे, आणि त्या चिखलात इंद्रायणीची रोपं ओळीने उभी आहेत. शेजारच्या गॅलऱ्यांत तुळस आहे, जास्वंद आहे, मनीप्लँट आहे. सरांकडे शेत आहे. पहिल्या वर्षी सोसायटीने डासांचं कारण काढून सरांना नोटीस दिली होती. सरांनी सेक्रेटरींना चहाला बोलावलं, आणि दिवाळीच्या सुमारास त्या टाकीतलं पीक निघाल्यावर त्याचा भात शिजवून जिन्यातल्या प्रत्येक घरी चमचा-चमचा पाठवला. पुढे नोटीस आली नाही.

यंदाची रोपं सुजाताने लावली. आजवर ती तिच्या आई, कौसामावशी, लावत आल्या. कौसामावशी माघात गेल्या. छातीत दुखायला लागलं, तळेगावच्या दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी संपलं. त्यांच्याबद्दल काही लिहावं असं तेव्हापासून मनात होतं, पण मी हळू लिहिते, आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं. या आठवड्यात सरांकडे गेले, गॅलरीचं दार उघडलं, आणि सुरुवात समोर उभी होती.

मी लोणावळ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कौसामावशी मला पहिल्यांदा दिसल्या त्या ग्रंथालयाच्या दारात चपला काढताना. आमच्याकडे कुणी चपला काढत नाही. मुलं तर बुटांच्या चिखलासकट आत येतात. या बाईंनी चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, अंगावरची प्लॅस्टिकची खोळ झटकून दाराच्या कडीला अडकवली आणि मग आत पाऊल टाकलं. कासोटा घातलेला, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. आवणीचे, म्हणजे भाताची रोपं लावायचे, दिवस होते. आंदर मावळातल्या त्यांच्या गावाहून आधी चालत, मग जीपने, मग लोकलने त्या आल्या होत्या, तेही शेतातलं काम टाकून, कारण मुलीच्या फीच्या सवलतीला लागणारा उत्पन्नाचा दाखला तलाठ्याने एकदाचा दिला होता, आणि तो आपण स्वतः नेऊन द्यावा असं त्यांच्या मनात आलं होतं. ऑफिसात त्यांना सांगण्यात आलं की या मुलीला यंदा प्रवेश नाही. जास्त विषय राहिले म्हणून तिचं वर्ष गेलं आहे. पोरं त्याला 'वायडी' म्हणतात. मुलगी दिवसभर ग्रंथालयात बसते, हेही तिथल्याच शिपायाने सांगितलं.

सुजाता कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. निकाल लागल्यापासून ती रोज घरून डबा घेऊन निघायची, वर्गात जाता येत नाही म्हणून दिवसभर आमच्याकडे बसायची आणि संध्याकाळच्या लोकलने परत जायची. घरी कुणाला काही माहीत नव्हतं. आईला समोर पाहून ती उभी राहिली. आता ही बाई ओरडणार, की रडणार, या काळजीने मीही उभी राहिले.

मावशी टेबलाशी गेल्या. पसरलेल्या वह्यांकडे त्यांनी, बांधावर उभं राहून वावराकडे बघावं, तसं पाहिलं.

"किती राह्यलंय?"

"तीन विषय."

"लय अवघड कंचं?"

"एम-थ्री. गणिताचं."

"आन् तू येकटीच लावीत बसलीयास व्हय?"

सुजाताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, तरी ती चिडली. "आई, हे भात न्हाई. मॅथ्स हाय हे."

"आगं, चिखल त्यो चिखलच. येकल्यानं आवणी झाली व्हय कुणाची?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, हिला उठवू नका. बसंल ती हितं. पर आता येकटी न्हाई बसायची."

एवढं बोलून तो दाखला त्यांनी घडी करून पुन्हा कमरेला खोचला. "पुढल्या साली लागंल," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

मावळात भाताच्या आवणीला सावड करतात. आज सगळ्यांनी मिळून माझं वावर लावायचं, उद्या तुझं, परवा तिसऱ्याचं. पैशाचा व्यवहार नाही. दिवसाला दिवस. ज्याचं वावर, त्याने त्या दिवशी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच. कौसामावशींचं निम्मं आयुष्य सावडीने चाललं होतं आणि निम्मं सावडीवाचून. त्या बौद्ध वस्तीतल्या. "माज्या सासूच्या टायमाला गावाची सावड आमच्या बांधापतूर यायची आन् वळून जायची," असं त्यांनी मला एकदा भात पाखडता पाखडता सांगितलं होतं. सांगताना सुपाचा ठेका चुकला नव्हता. वस्तीवरच्या चार घरांनी आपसांत सावड केली, आणि पुढे आपली पोरं शिकवली.

मुलीच्या गणिताला सावड बोलवायची, हे त्यांनी लोणावळा ते कान्हे या लोकलच्या प्रवासात ठरवलं. घरी पोचून चिखलाचे पाय धुतले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर जायला सुरुवात केली. वस्तीत गेल्या, गावात गेल्या, पलीकडच्या वाडीत गेल्या. भरदिवसा, मोठ्या आवाजात, दारात उभं राहून विचारायचं: "तुमच्या घरात कुणाचं काय राह्यलंय का? गणित बिणित?"

ज्या घरांनी पोरांचं नापास होणं शेजारच्या भिंतीलाही कळू दिलं नव्हतं, त्या घरांत काय झालं असेल याची कल्पना करावी. सुजाता तर दोन दिवस जेवली नाही. "आई, आख्ख्या मावळात दवंडी पिटलीस माझी."

"लपिवल्यालं बी उगवतंय व्हय? वर आणावं लागतंय त्याला."

गावात एका मोठ्या घरात, ओसरीवर बसलेल्या आजींनी त्यांना सुनावलं, "आमच्या घरात कुणाचं काही राहत नसतं." मावशी म्हणाल्या, "लय चांगलं," आणि निघाल्या. श्रावणातल्या पहिल्या रविवारी मावशींच्या ओटीवर जी सात-आठ पोरं वह्या घेऊन बसली, त्यांत सर्वांत आधी आलेली मुलगी त्याच आजींची नात होती. प्राजक्ता. तिचंही एम-थ्री राहिलं होतं, दोनदा.

दामले सरांना आणायला मात्र मावशी मला घेऊन गेल्या. सर आमच्याच कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यापासून फार कुठे जात नसत, ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला तेवढे येत. मावशींनी त्यांच्या दारातही चपला काढल्या. सोफ्यावर बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, खाली फरशीवर टेकल्या. उंच बसलं की आपल्याला बोलणं सुचत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सर म्हणाले, "मी आता शिकवणं सोडलं आहे, हो. शिकवण्या तर मी कधीच घेतल्या नाहीत. पैसे घेऊन शिकवणं मला जमायचं नाही."

"पैसं मी देतच न्हाई," मावशी म्हणाल्या. "दिवसाला दिवस देते. तुमी येक रविवार माज्याकडं यायचं, मी येक दिवस तुमच्या वावरात यायचं."

"मला वावर नाही."

"मग घर हाय न्हवं? काय तरी निगंलच."

"आणि मी शिकवलंच नाही तर?"

"नका शिकवू. बसा निस्तं. म्हातारं मानूस बांधावर बसलं तरी आवणी सरळ व्हती."

सर बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी पंख्याकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "जीप किती वाजता सुटते?"

त्या रविवारांबद्दल मला पुष्कळ आठवतं. माझं काम पिशवीतून पुस्तकं नेणं आणि आणणं, म्हणून मीही सावडीत धरली गेले होते. मावशींच्या घराला निळ्या रंगाचं पत्र्याचं दार होतं. फळा नसल्यामुळे ते दार लावून घेत आणि सर त्याच्यावर खडूने लिहीत. घरात स्वयंपाक चाललेला असे, आणि स्वयंपाक करत असत बबनभाऊ.

बबनभाऊ म्हणजे मावशींचे मालक. देहूरोडच्या डेपोत कामाला, आठवडाभर पहाटे घर सोडणारे, कमी बोलणारे. समाजाच्या कार्यक्रमांत मोठ्या पातेल्यांचा स्वयंपाक करायची त्यांना सवय, आणि सावडीला जेवण पोटभर असलं पाहिजे हा नियम. म्हणून रविवारची सुट्टी ते लसूण सोलण्यात आणि रस्सा ढवळण्यात घालवत. दामले सरांसाठी वेगळ्या पातेल्यात पावट्याचं कालवण. दारावर गणित लिहिलेलं असेपर्यंत ते उघडता येत नसे. आतून बबनभाऊंचा आवाज यायचा:

"सर, सुटलं का? रस्सा भाईर आनायचाय."

"दोनच पायऱ्या राहिल्या, बबनराव."

"बिगीबिगी उतरा. खाली लागाया लागलाय."

प्राजक्ता पहिल्या रविवारी जेवायच्या आधी निघाली होती. आजीला काय सांगायचं हा प्रश्न असणार. मावशींनी तिला थांबवलं नाही. दुसऱ्या रविवारी ती थांबली, आणि तिसऱ्या रविवारी वाढायला उठली. बबनभाऊ मला हळूच म्हणाले, "म्याडम, आमच्या बापाला जे जमलं न्हाई ते तुमच्या त्या एम-थ्रीनं केलं बघा. येकच पंगत."

मावशी शिकवणं चालू असताना ओटीच्या कडेला तांदूळ निवडत बसत. गणितातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. विषयांना त्या वावरांची नावं देत. एम-थ्री म्हणजे 'खालचं वावर', जिथे पाणी साठतं आणि पाय रुततो. परीक्षेला जाणाऱ्याला त्या 'पैला नंबर काढ' असं कधी म्हणाल्या नाहीत. "सरळ ओळीत जा," एवढंच म्हणत. आणि त्यांचा एक नियम होता. आवणीत ज्याची पात, म्हणजे वाट्याची ओळ, मागे राहते, त्याची पात शेजारच्याने लावून द्यायची, मगच सगळ्यांनी पुढची धरायची. तसंच इथे. एकालाही कळलं नसेल तर सरांनी पुढचं उदाहरण घ्यायचं नाही.

आणखी एक रीत त्यांनी आणली, आणि तिथेच चूक झाली. सावडीत यजमानाचं वावर शेवटी लावतात. आधी आलेल्यांची सोय, मग घरची. हे कुणी कुणाला सांगत नाही, ती रीतच असते. मावशी दर रविवारी म्हणत, "सुजे, आदी त्या पोरीचं बघ. तुजं काय, तू घरातच हायेस." सुजाता समजावून सांगण्यात चांगली होती. तिला येत असलेले दोन धडे तिने सगळ्यांना पुन्हा पुन्हा शिकवले. जे येत नव्हते ते विचारायची वेळ आली की दिवस मावळतीला लागलेला असे, सरांची जीप आलेली असे, आणि ती म्हणायची, "माझं पुढच्या रविवारी."

हिवाळ्यातली परीक्षा भाताच्या झोडणीत आली. निकाल लागला तेव्हा ओटीवरची सगळी पोरं गणितात पास होती. प्राजक्ता तर साठाच्या वर. सुजाता नापास होती. तीन विषयांतला एक सुटला, गणित आणि आणखी एक तसेच राहिले.

मी त्या रविवारी तिथे होते. पोरं पेढे घेऊन आली, पण दारापर्यंत येऊन थबकली. मावशींनी स्वतः पुढे होऊन पेढा घेतला, अर्धा तोंडात घातला, सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सुजाता आत होती. बबनभाऊ चुलीपाशी बसून होते, आणि चुलीवर काही नव्हतं.

"बास आता," ते म्हणाले. "पोरीला न्हाई झेपत त् न्हाई. तळेगावच्या कंपनीत वळखीचा मानूस हाय. लावून टाकू."

"आन् लावल्यालं वावर?"

"कौसे, सगळ्यांचं पिकलं. आपलंच न्हाई पिकलं. आता काय म्हनायचंय तुजं?"

मग आतून सुजाताच बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. म्हणाली, "उन्हाळ्याचा पेपर देते. त्यात न्हाई सुटलं त् कंपनीत जाते. मग कुणी काय बोलायचं न्हाई. आई, तू बी न्हाई."

"न्हाई बोलनार," मावशी म्हणाल्या. थोड्या वेळाने त्या ओटीवर आल्या. पोरं पेढ्याचे बॉक्स हातात धरून तशीच उभी होती. मावशींनी पदराने ओटीची कड पुसली आणि तिथे बसल्या.

"पोरांनो, माजंच चुकलं. घरधन्याचं शेवटाला, ह्या नादात मी हिचं वावर पडीक ठिवलं. तुमचा काय दोस न्हाई." मग एकेकाकडे बघून म्हणाल्या, "पर आता माजं वावर लावायचंय. तुमी आला त् बरं हुईल."

त्यांना कुणाकडे काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं. प्राजक्ता ओटीवर चढली, पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला, दार ओढून घेतलं आणि खडू उचलला.

"कुठला धडा, सुजाता?"

आतून बबनभाऊंनी विचारलं, "किती जन हायेत? पानी किती टाकू?"

पास झालेली पोरं दर रविवारी येत राहिली, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. ज्या विषयातून सुटलो त्या विषयाचं पुस्तक कुणी पुन्हा हातात धरत नाही, हे मी तीस वर्षं ग्रंथालयात बसून पाहिलं आहे. ही पोरं ती पुस्तकं माझ्याकडून पुन्हा सही करून नेत होती. एकाने एक धडा घेतला, दुसऱ्याने दुसरा. दामले सर आता खरोखरच बांधावर बसल्यासारखे नुसते बसत. मावशीही तांदूळ निवडत बसत, पण नजर सुपात नसे. एकदा त्यांनी सरांना खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "सर, पोरगी मान हलिवतीया, पर पेन न्हाई हलवत." सरांनी ते उदाहरण दारावरून पुसायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून.

पेपरच्या दिवशी मावशी सुजाताला सोडायला आल्या नाहीत. "मी आले त् ती माज्याकडं बघंल. पेपराकडं बघू दे." बबनभाऊंनी मात्र डेपोत रजा टाकली आणि परीक्षा संपेपर्यंत आमच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. सुजाता बाहेर आली तेव्हा त्यांनी पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. "वडापाव खातीस का?" एवढं विचारलं.

निकाल लागला तो पुन्हा आवणीच्या दिवसांत. त्या दिवशी सावड मावशींच्या वावरात होती. मी पुस्तकं घ्यायच्या निमित्ताने गेले होते, खरं तर निकाल आज लागणार हे मला कळलं होतं. वस्तीतल्या बायका होत्या, रविवारची पोरं होती, आणि ओळीच्या टोकाला प्राजक्ताची आई आणि काकू. त्यांना तिथे बघून वस्तीतल्या एक म्हाताऱ्या पारूआजी पुन्हा पुन्हा मान वळवून खात्री करून घेत होत्या. ते पाहून मावशींनी त्यांना दटावलं, "म्हातारे, फुडं बघ, रोप वाकडं जातंय." पाऊस बारीक होता. सुजाता आईच्या शेजारची पात लावत होती.

वावरात मोबाईलला रेंज नव्हती. प्राजक्ता टेकाडावर जाऊन उभी होती. बऱ्याच वेळाने ती खाली धावत येताना दिसली. बांधावरून धावणं सोपं नसतं, एकदा पडली, उठली, पुन्हा धावली. ओळीतल्या सगळ्यांचे हात थांबले.

"सुटला! दोन्ही! दोन्ही सुटले!"

सुजाता चिखलात तशीच उभी राहिली. बायका ओरडल्या, पोरं शिट्ट्या मारायला लागली. मावशी सरळ झाल्या. हातातली रोपांची जुडी त्यांनी घट्ट धरली होती. मला वाटलं, आता या धावत जाऊन मुलीला मिठी मारतील. त्यांनी सुजाताच्या पातीकडे पाहिलं.

"झाली न्हवं पास?"

"व्हय आई."

"मग पात पुरी कर. आर्दी सोडू ने."

आणि सगळे पुन्हा वाकले. मी इतकी आनंदी आवणी पुढे कधी पाहिली नाही. कुणीतरी गाणं धरलं, कुणीतरी मध्येच हसत होतं, सुजाता रडत रडत रोपं खोचत होती आणि तिची ओळ वाकडी चालली होती. मावशी तिला काही बोलत नव्हत्या, शेजारून तिची रोपं सरळ करत होत्या. पात बांधाला टेकली तेव्हा त्यांनी जुडी खाली टाकली, चिखलाचे दोन्ही हात मुलीच्या गालांवर ठेवले आणि तिचं तोंड पार काळं करून टाकलं. मग एवढ्या मोठ्याने हसल्या की घरातून बबनभाऊ हातात पळी घेऊन धावत आले.

"काय झालं? काय झालं?"

"तुजी कंपनी बुडाली," मावशी म्हणाल्या.

बबनभाऊंना कळायला क्षण लागला. मग त्यांनी पळी बांधावर ठेवली, पँट वर दुमडली आणि सरळ चिखलात उतरले.

त्याच आठवड्यात मावशी विळा, रोपांच्या जुड्या आणि दोन गोणी चिखल घेऊन दामले सरांच्या दारात उभ्या राहिल्या. चिखल वर न्यायला त्यांनी रविवारची दोन पोरं आणली होती. आपल्या वावराला इतके दिवस दिलेल्या माणसाची सावड फेडायची होती. सर म्हणाले, मावशी, मला खरंच काही नको. मावशींनी घर फिरून पाहिलं. केर काढायला, भांडी घासायला बाई होती. "हितं काय माजं काम न्हाई," म्हणाल्या, आणि गॅलरीत गेल्या. तिथे गळकी टाकी पडलेली होती. विचारलं, "ही लागती का तुमाला?" संध्याकाळपर्यंत सरांना वावर झालं. सर त्यांना म्हणाले, "आता फिटली ना सावड?" त्यावर मावशींनी मान हलवली.

"समदी फेडायची नसती, सर. येक दिवस वर ठिवायचा. म्हंजी पुढल्या साली बोलवाया तोंड ऱ्हातंय."

तेव्हापासून दर वर्षी त्या त्यांच्याकडे रोपं लावायला जात, आणि दर वर्षी सर रविवारी त्यांच्या ओटीवर येत. कारण सुजाता इंजिनिअर झाली, हिंजवडीला नोकरीला लागली, तरी रविवार बंद झाले नव्हते. दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं काही राहिलेलंच असतं. मावशी घरोघर विचारत. आता लोक सांगत. प्राजक्ताच्या आजींनी तर पुढे आपल्या धाकट्या नातवाला स्वतः हाताला धरून आणलं. "ह्याचं दोन राह्यलंय," असं ओटीच्या खालूनच मोठ्या आवाजात सांगितलं आणि मग वर येऊन बसल्या. त्यांच्यासाठी कोरा चहा झाला. त्या प्याल्या.

मावशींच्या पुण्यानुमोदनाला ओटी, अंगण आणि समोरचा रस्ता भरला होता. भाषणं झाली. बबनभाऊ शेवटी उठले, जयभीम म्हणाले, आणि त्यांना पुढे बोलताच येईना. थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "रविवारी या. रस्सा असतोय." आणि बसले. निळ्या दारावर मागच्या रविवारचं एक गणित अर्धं तसंच होतं. कुणी पुसलं नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या पावसाळ्यात. टाकव्याच्या बाजूने जीपने येत होते. रस्त्याकडेच्या वावरात आवणी चालली होती, आणि ओळीच्या मधोमध त्या होत्या. वावर त्यांचं नव्हतं, त्या कुणाचा तरी दिवस फेडत होत्या. एका बाजूला रजा काढून आलेली सुजाता, दुसऱ्या बाजूला मला अनोळखी अशी एक कॉलेजातली मुलगी, नवीनच, रोप कसं धरायचं तेही न येणारी. मी ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली आणि हाक मारली.

मावशी सरळ झाल्या. डोळ्यांवर चिखलाचा हात आडवा धरला.

"बाई! तुमचा येक दिवस हाय माज्याकडं!"

माझ्याकडे शेत नाही, गॅलरीही नाही. पुस्तकं वाहिल्याचा तो दिवस त्या वर्षानुवर्षं माझ्या नावाने धरून बसल्या होत्या. मी ओरडून म्हटलं, "राहू द्या!"

"ऱ्हाऊ दे त् ऱ्हाऊ दे!" त्या हसल्या. मग नवीन मुलीची पात मागे पडली होती तिकडे वळल्या, तिच्या हातातली निम्मी रोपं काढून घेतली आणि वाकल्या. आवणी करणारं माणूस मागे मागे सरकत जातं. जीप निघाली तेव्हा त्या तिघी तशाच एका ओळीत मागे मागे चालल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे हिरवं वाढत चाललं होतं.